परत येणारा तुकडा

आमच्या मंडळीत उपदेश करायला पाळक होते आणि भांडणं मिटवायला मोठ्या बाई होत्या. पाळक दर तीन-चार वर्षांनी बदलायचे. बाई बदलायच्या नाहीत. त्यांचीही कुठंतरी लांब बदली व्हावी अशी मनातल्या मनात प्रार्थना करणारे कंपाउंडात पुष्कळ होते, आणि त्यांत माझा आवाज सगळ्यांत मोठा होता. आता हे लिहिताना डोळे भरून आले तर तो कांद्याचा दोष समजा. आत्ताच चिरून उठलेय.

बाई म्हणजे आमच्या मिशन कंपाउंडातल्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. मी आधी त्यांची विद्यार्थिनी, मग त्यांच्याच हाताखाली शिक्षिका. एकाच माणसाच्या तावडीत दोनदा सापडायचं भाग्य सगळ्यांनाच लाभत नाही. निवृत्त त्या फक्त कागदावर झाल्या. रोज शाळा भरायच्या वेळी फाटकाशी येऊन उभ्या राहायच्या आणि उशिरा येणाऱ्या मास्तरांकडे नुसतं बघायच्या. शनिशिंगणापूर आमच्यापासून जवळच. तिथल्या घरांना दारं नाहीत म्हणून कुठून कुठून लोक बघायला येतात. आमच्या कंपाउंडात प्रत्येक घराला दार होतं, कडी होती, पण बाईंपुढे त्याचा काडीचा उपयोग नव्हता. त्या थेट स्वयंपाकघरात यायच्या, पातेल्यावरचं झाकण उचलून बघायच्या आणि मग विचारायच्या, "हात धुतलेस का?"

हा प्रश्न त्यांनी कुणाला विचारला नाही असं नाही. शाळा तपासायला आलेल्या साहेबांच्या हातात चहाचा कप देण्याआधी विचारला. लग्नात नवरदेवाला, अंगठी घालायच्या आधी, पाळकांच्या देखत विचारला. साहेब आणि नवरदेव दोघंही मुकाट्यानं नळावर गेले. कोरोना आला आणि सगळी दुनिया वीस वीस सेकंद हात धुवायला लागली, तेव्हा बाईंचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. "मी काय सांगत होते?" एवढंच म्हणायच्या, पण ते दिवसातून इतक्यांदा म्हणायच्या की त्यापेक्षा कोरोना परवडला.

पण बाईंचा खरा दिवस म्हणजे गुड फ्रायडेच्या आधीचा गुरुवार. त्या संध्याकाळी आमच्याकडे प्रभुभोजन असतं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. शिपायांनी धरून नेण्याआधी त्या रात्री येशू आपल्या शिष्यांबरोबर शेवटचं जेवला. भाकर मोडून त्यांना दिली, द्राक्षरसाचा प्याला दिला, आणि माझी आठवण ठेवून हे करत जा म्हणाला. ज्यांना दिलं त्यांतल्या एकानं त्याला आधीच विकलं होतं, दुसरा कोंबडा आरवायच्या आत ओळख नाकारणार होता आणि उरलेले पळून जाणार होते. म्हणजे पंगत काही फार निवडक माणसांची नव्हती. त्यामुळे आमच्या मंडळीला तिथं बसायला कधी संकोच वाटला नाही.

आमच्या चर्चमध्ये याची एक जुनी रीत आहे. भाकरीच्या तुकड्यांची ताटली पाळक पहिल्या बाकावरच्या पहिल्या माणसापुढे धरतात. त्यानं तुकडा घ्यायचा आणि ताटली शेजारच्यापुढे धरून म्हणायचं, "तुझ्यासाठी." शेजारच्यानं घ्यायचा, पुढच्याला म्हणायचं, "तुझ्यासाठी." असं करत करत ताटली शेवटच्या बाकापर्यंत जाते. आपल्या हातानं आपणच उचलून मोकळं व्हायचं, असं नाही. कुणीतरी द्यावं लागतं. दिवे मंद असतात, सगळे हळू बोलतात, आणि वर्षभर ज्याच्या नावानं बोटं मोडली तोच नेमका शेजारी येऊन बसलेला असतो.

आणि अडचण तिथंच. ज्याचा कुणाशी अबोला आहे त्यानं आधी जाऊन समेट करावा, मग तुकडा घ्यावा, असा नियम. पाळक हे व्यासपीठावरून सांगतात. ऐकायला फार गोड वाटतं. बाई घरी येऊन सांगायच्या. "गिळायचं असेल तर आधी भांडण गिळा. नाहीतर तो तुकडा गिळू नका."

त्या गुरुवारी दुपारी बाईंच्या ओट्यावर कोर्ट भरायचं. कंपाउंडात कुणाचं कुणाशी बिनसलंय हे बाईंना त्या दोघांच्याही आधी कळलेलं असायचं. दोघांना बोलावून समोरासमोर बसवायच्या, मधे एक सूप ठेवायच्या आणि भुईमुगाच्या शेंगा फोडायला लावायच्या. दाणे एकाच सुपात टाकायचे. बोलल्याशिवाय उठायचं नाही. बाई स्वतः आत चुलीवर त्याच संध्याकाळच्या तयारीला लागलेल्या असायच्या. काळे मनुके उकळून, कुसकरून, फडक्यातून गाळून त्या द्राक्षरस करायच्या, आणि बिनखमिराची जाड गव्हाची पोळी तव्यावर शेकायच्या. त्या वासानं भुका लागायच्या, आणि भुकेनं माणसं लवकर समेट करतात हा त्यांचा शोध.

एका वर्षी शांतवन आणि त्याची शेजारीण रत्नमाला यांची पाळी आली. भांडण कोंबडीवरून. रत्नमालाची कोंबडी शांतवनच्या अंगणात अंडी घालायची, आणि अंडं कुणाचं, कोंबडीवालीचं की अंगणवाल्याचं, यावर दोन्ही घरं वर्षभर तोंड फिरवून बसली होती. शेंगा संपत आल्या तरी कुणी बोलेना.

शेवटी शांतवन सुपाकडे बघत म्हणाला, "दाणं खवट हायती."

"खवट न्हाईती. तुझं त्वांड खवट हाय," रत्नमाला म्हणाली.

"झालं!" बाई आतून ओरडल्या. "बोललात. उठा, हात धुवा आणि पाचला उपासनेला या."

मी म्हटलं, "बाई, याला समेट म्हणतात?"

"समेट देव करतो," बाई म्हणाल्या. "मी फक्त तोंडं उघडून देते."

जाता जाता शांतवन उंबऱ्याशी घुटमळला. त्याच्या अंगात कुठून एवढं धाडस आलं कोण जाणे. "बाई, राग मानू नका. पर तुमचं न् तात्यांचं काय?"

मी खालमानेनं टरफलं गोळा करू लागले. सगळं कंपाउंड हा प्रश्न बाईंच्या पाठीमागे रोज विचारायचं, तोंडावर विचारणारा हा पहिला शहाणा. बाईंनी तव्यावरची पोळी उलटली. "म्हणूनच मी घेत नाही," त्या म्हणाल्या. "नियम सगळ्यांना सारखा. जा आता."

आणि ते खरं होतं. सगळ्यांसाठी मनुके उकळणाऱ्या, पोळी भाजणाऱ्या, सुरीनं सारखे तुकडे करणाऱ्या बाई स्वतः कधी प्रभुभोजन घेत नसत. पहिल्या बाकावर पहिल्या बसायच्या. पाळकांनी ताटली पुढे धरली की "मी नंतर" म्हणून ती शेजारणीकडे द्यायच्या. ते "नंतर" आम्ही कुणी कधी पाहिलं नाही.

तात्या म्हणजे बाईंचे सख्खे धाकटे भाऊ. साखर कारखान्यात उसाच्या गाड्या मोजायच्या काट्यावर होते, निवृत्त होऊन कंपाउंडाच्या दुसऱ्या टोकाला राहायचे. गरीब माणूस. बोलणं मोजकं, चालणं हळू, चर्चमध्ये सगळ्यांत शेवटी येणार आणि शेवटच्या बाकावर शेवटी बसणार. बहीण पहिल्या बाकावर, भाऊ शेवटच्या. मधे सगळी मंडळी.

त्यांचं काय झालं होतं ते सांगते. त्यांची आई शेवटच्या दुखण्यात अंथरुणाला खिळली होती. तिनं प्रभुभोजन मागितलं. बाई तेव्हा नुकत्या मुख्याध्यापिका झालेल्या, नगरला कसल्याशा प्रशिक्षणाला गेलेल्या. आईजवळ तात्या होते. संध्याकाळी पाळक भाकर आणि प्याला घेऊन दारात आले. आईला कित्येक रात्रींनंतर तेव्हाच कुठं डोळा लागला होता. तात्या दारात जाऊन म्हणाले, "आई झोपलीय. उद्या या." पाळक गेले. आई त्या झोपेतून उठली नाही.

बाई नगरहून आल्या. आईला माती दिली. त्या दिवसापासून भावाशी एक शब्द नाही. माझ्या आईनं एकदा समजवायला बघितलं तर म्हणाल्या, "तिनं शेवटचं एवढंच मागितलं होतं. त्यानं ते दारातून परत पाठवलं." आम्ही घरी येऊन म्हणालो की सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, आणि चहा प्यायलो. दुसऱ्याच्या दुःखावर म्हणी फार पटकन सुचतात.

तात्यांचंही पाणी कमी नव्हतं. तेही घेत नसत. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "आक्का उपाशी हाय तवर म्या कसा खाऊ?" आता गंमत बघा. बाई तुकडे करताना हजर माणसं मोजायच्या, त्यात स्वतःला धरायच्या नाहीत, पण तात्यांना धरायच्या. दरवर्षी. आणि दरवर्षी ताटली शेवटच्या बाकावरून एक तुकडा घेऊन परत यायची. उपासना संपली की बाई तो तुकडा बाहेर नेऊन चिंचेखाली चुरून चिमण्यांना घालायच्या. ज्याच्याशी बोलायचं नाही त्याच्यासाठी तुकडा कापायचा, आणि तो त्यानं घेतला नाही म्हणून परत तोंड पाडून चिमण्यांपाशी उभं राहायचं. या घराण्यात हट्टाची वाटणी अगदी समसमान झाली होती.

कोरोनानंतर मंडळीच्या एका पंचानं पुण्याहून प्रभुभोजनाची तयार पाकिटं आणली. प्लास्टिकचा बोटभर पेला, आत रस, वरच्या झाकणात पातळ चकतीसारखी भाकर. हातांचा संबंध नाही, ताटली नाही, "तुझ्यासाठी" नाही, ज्याचं त्यानं फाडायचं. बाईंनी ते पाकीट चिमटीत धरून उजेडात पाहिलं. "ही काय शॅम्पूची पुडी आहे?" तरी पंचांनी ती वाटलीच. दिवे मंद झाले, पाळकांनी गंभीर आवाजात प्रार्थना केली आणि मग त्या पवित्र शांततेत सगळ्या चर्चभर फराफरा झाकणं फाडल्याचा आवाज सुरू झाला. कुणाचं उघडेना. शांतवननं दातानं ओढलं आणि रस रत्नमालाच्या नव्या साडीवर उडाला. कोंबडीचं भांडण परत ताजं झालं. पुढच्या वर्षी बाईंची पोळी परत आली, कुणी ठराव न करता.

त्यानंतर आमच्याकडे नवे पाळक आले. कोवळे, गिटार वाजवणारे, सगळ्यांना "कसं काय, मजेत?" विचारणारे. त्यांना मंडळीतलं काही म्हणजे काही ठाऊक नव्हतं. त्याच वर्षी चर्चचे पत्रे बदलायला काढले. आत नुसती सिमेंटची धूळ, बाकं एकावर एक रचलेली. गुरुवारची उपासना चिंचेखाली अंगणात घ्यायची ठरली. पाळक उत्साहानं म्हणाले, "सतरंज्या टाकून गोल बसू या! त्या रात्री कुठं बाकं होती?"

"पंगत सरळ असते," बाई म्हणाल्या.

"गोल बसलं की सगळ्यांना सगळे दिसतात, बाई."

"म्हणूनच म्हणते."

पण त्या वर्षी बाईंचा आवाज जरा बसलेला होता. सगळ्यांना कारण माहीत होतं. तात्यांच्या छातीत दुखून गेलं होतं, आणि चिंचवडला राहणारा त्यांचा मुलगा त्यांना मे महिन्यात कायमचं घेऊन जाणार होता. सामान बांधायला सुरुवातही झाली होती. म्हणजे तात्यांचा आमच्याकडचा हा शेवटचा गुरुवार. बाईंनी याबद्दल कुणाकडे चकार शब्द काढला नाही. फक्त त्या दुपारी ओट्यावरचं कोर्ट भरलं नाही. मी गेले तर बाई एकट्याच सुपात शेंगा फोडत बसल्या होत्या.

"आज कुणी नाही?" मी विचारलं.

"कुणाचं भांडण नाही म्हणे या वर्षी," बाई म्हणाल्या. जन्मात पहिल्यांदा मला त्यांची दया आली. मी बसले आणि गुपचूप शेंगा फोडू लागले. त्यांनी मला हातांचंही विचारलं नाही, तेव्हा मात्र मी घाबरले.

संध्याकाळी मधे छोटं टेबल, त्यावर पांढरं कापड, ताटली, पेले. भोवती गोल सतरंज्या. बाई सवयीप्रमाणे सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या. त्यांच्या उजव्या हाताला रत्नमाला, मग शांतवन, मग भरत भरत वर्तुळ माझ्यापर्यंत आलं. माझ्यापलीकडे एका माणसाची जागा आणि तिच्यापलीकडे बाई. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पण पडून उपयोग काय? तात्या नेहमीसारखे सगळ्यांत शेवटी आले. बघतात तर जागा एकच. काठी टेकत आले, उभे राहिले, माझ्याकडे असं बघितलं की जणू ही जागा मीच राखून ठेवली होती. पाळक हसून म्हणाले, "बसा ना तात्या, बसा!" तात्या बसले. बाई समोर टेबलाकडे बघत राहिल्या. सगळी मंडळी एकदम फार भक्तिभावानं खाली बघू लागली.

पाळकांनी ताटली बाईंपुढे धरली. "मी नंतर." ताटली रत्नमालाकडे. रत्नमालानं शांतवनपुढे धरली, "तुझ्यासाठी." ताटली गोल फिरत निघाली. मला वाटत होतं की वाटेत पाऊस यावा, वीज जावी, निदान कुत्री तरी भांडावीत. काही झालं नाही. ताटली माझ्याकडे आली, मी घेतला आणि तात्यांपुढे धरली. एकच तुकडा राहिला होता. "तुमच्यासाठी, तात्या," मी म्हटलं.

दरवर्षी ते नुसती मान हलवायचे आणि ताटली तशीच परत जायची. पण या वेळी परत जायला वाटच नव्हती. पलीकडे बाईच होत्या.

तात्यांनी तो तुकडा उचलला. मग तो मधोमध मोडला, अर्धा आपल्या पंज्यात धरला आणि अर्धा पुढे केला. "आक्का," ते म्हणाले, "तुझ्यासाठी."

बाईंनी त्या हाताकडे बघितलं. कारखान्यात जन्म गेलेला, नखं काळवंडलेला हात.

"हात धुतलेस का?" बाई म्हणाल्या.

"धुतलं, आक्का."

"साबणानं?"

"साबणानंच."

बाईंनी तुकडा घेतला आणि तोंडात टाकला. चावता चावता त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. तात्यांनी खांद्यावरचा टॉवेल पुढे केला, तर तो मळका आहे म्हणून बाईंनी परत दिला. एवढ्या वर्षांचा अबोला, आणि सुटला तो साबणावर! पाळकांना काही कळलं नाही. त्यांनी गिटार उचलून गाणं सुरू केलं, तेही वरच्या पट्टीत, आणि आम्ही सगळे बेसूर गायलो.

तात्या चिंचवडला गेले नाहीत. बांधलेलं सामान बाईंच्या ओट्यावर येऊन पडलं. मग दोघं दिवसभर एकमेकांशी इतकं भांडायची, चहात साखर किती, पंखा कितीवर, की आम्हाला जुना अबोला बरा वाटायला लागला.

पुढच्या पावसाळ्यात बाई पडल्या आणि मग उठल्याच नाहीत. त्या गेल्या, पण आता सांगणार आहे त्या दुपारी नाही. बाई इतक्या सोयीच्या नव्हत्या. त्यानंतर दोन आठवडे आम्हाला अंथरुणातून हुकूम सोडून मगच गेल्या. त्या दुपारी मी तिथं होते. दुखण्यानं बाईंना रात्र रात्र झोप नव्हती. दोन दिवसांपूर्वी त्यांनीच प्रभुभोजन मागितलं होतं. नेमका त्यांचा डोळा लागला आणि पाळक हातात छोटा डबा घेऊन ओट्यावर आले.

तात्या दाराची चौकट धरून उभे राहिले. "काय करू?" मला विचारतात. "उठवू? पुन्यांदा तीच चूक न्हाई व्हायची माझ्याच्यानं." मी काही म्हणायच्या आत ते आत गेले आणि बाईंचा खांदा हलवला. "आक्का, ऊठ. पाळक आल्यात. भाकर आणलीय."

बाईंनी डोळे किलकिले केले. "झोप लागली होती रे," म्हणाल्या.

"व्हय आक्का, ठाव हाय, पर—"

"किती दिवसांनी लागली होती." त्या तात्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. इतका वेळ की मला वाटलं, ओळखत नाहीत की काय. मग त्यांनी तात्यांचा हात धरला आणि, धुतलाय की नाही हे न विचारता, आपल्या गालाखाली घेतला. "आईलाही अशीच लागली असेल," त्या म्हणाल्या. "बरं केलंस, उठवलं नाहीस ते."

तात्या हुंदके देत होते. बाईंनी डोळे मिटून घेतले होते. "रडू नकोस, मला झोपू दे. पाळकांना चहा दे आणि सांग काय ते."

थोड्या वेळानं श्वास संथ लागला. तात्यांनी हळूच हात सोडवून घेतला, डोळे पुसले आणि बाहेर ओट्यावर आले. पाळक डबा सावरत उठून उभे राहिले.

"आक्का झोपलीय," तात्या म्हणाले. "उद्या या."